ड्रॅगनफळाची वेल : फुलते, पण फळत का नाही?

गेल्या जुलै महिन्यातील गोष्ट. दहावीच्या वर्गात फुलाच्या अंगांचा पाठ संपवून मी वर्गाबाहेर पडत होते, तोच एक विद्यार्थिनी मागोमाग आली आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "बाई, झाड वांझ असतं का हो?"

प्रश्न पाठाशी जुळता असला तरी तिच्या मुद्रेवरून तो केवळ पाठापुरता नाही हे माझ्या ध्यानात आले. तिला शेजारी बसवून मी सारी हकीकत विचारून घेतली. तिच्या घरामागे तीन वर्षांपूर्वी सिमेंटचे दोन खांब रोवून त्यांवर ड्रॅगनफळाच्या वेली चढविल्या होत्या. वेली उत्तम वाढल्या. मागील दोन हंगामांत ताटाएवढी पांढरी फुले रात्री उमलली. शेजारपाजारचे लोक ती पाहावयास आले. परंतु चार-पाच दिवसांत प्रत्येक फूल देठाशी पिवळे पडून गळून गेले. एकही फळ धरले नाही. "आजी म्हणते, लावणाऱ्या हाताचा दोष आहे," इतके बोलून ती मुलगी थांबली. वेली तिच्या काकूने लावल्या होत्या, आणि काकूच्या लग्नाला नऊ वर्षे होऊनही त्या घरी मूल नव्हते. पुढे काही विचारण्याची मला आवश्यकता राहिली नाही.

त्या घरच्या मंडळींच्या संमतीने ही हकीकत मी येथे देत आहे. नावे देण्याचे प्रयोजन नाही. या निमित्ताने ड्रॅगनफळाची वेल फुलूनही का फळत नाही, आपल्या परसात लावण्यास तिची कोणती जात योग्य आणि ती कशी वाढवावी, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगण्याचा विचार आहे.

प्रथम माझ्या अज्ञानाची कबुली देते. माझ्या बिऱ्हाडाच्या मागे अर्ध्या कापलेल्या मोठ्या प्लॅस्टिकच्या पिंपात पांढऱ्या गराच्या ड्रॅगनफळाची एक वेल पाच वर्षांपासून आहे. तिला मी फारसे काही न करताही फळे येतात. त्यामुळे सर्वच वेलींना तशी येत असावीत, असा माझा समज होता. म्हणून मी त्या मुलीस पाणी कमी करा, थोडे शेणखत घाला, असा ठोकळेबाज सल्ला दिला. त्याचा उपयोग झाला नाही. नंतर थोडे वाचन करून मी सांगितले की, एका खांबावरील फुलाचा पराग दुसऱ्या खांबावरील फुलास लावून पाहा. काकूने रात्री जागून तसे केले. तीही फुले गळाली. आता दोष झाडाचा नव्हे आणि हाताचाही नव्हे, तर माझ्या अर्धवट ज्ञानाचा होता. तो कसा, हे कळण्यासाठी आपण त्या वेलीची थोडी ओळख करून घेऊ.

ड्रॅगनफळ हा निवडुंगाच्या कुळातील वेल आहे. त्याचे मूळ स्थान मेक्सिको व मध्य अमेरिका. तेथील अरण्यांत तो वृक्षांवर व खडकांवर चढतो. त्याला पाने नसतात; तीन धारांचे हिरवे खोड हेच पानांचे काम करते, आणि त्यातून फुटणाऱ्या हवाई मुळ्यांनी तो आधारास चिकटून राहतो. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच लोकांनी हा वेल इंडोचीनमध्ये नेला. आज व्हिएतनाममध्ये त्याची लागवड फार मोठ्या प्रमाणावर होते, आणि तेथील भाषेत त्याचे जे नाव आहे त्याचा अर्थ 'हिरवा ड्रॅगन' असा आहे. आपल्याकडे हे फळ अलीकडेच आले. गुजरात सरकारने 2021 साली त्याचे 'कमलम्' असे नामकरण केले. आपल्या बाजारात मात्र ते ड्रॅगन फ्रूट याच नावाने विकले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ या वेलीच्या प्रजातीस पूर्वी हायलोसेरियस म्हणत. 2017 साली तिचा समावेश सेलेनिसेरियस या प्रजातीत करण्यात आला. आपल्या घरोघरी ज्यास 'ब्रह्मकमळ' म्हणतात, ज्याचे फूल पाहण्यासाठी आपण मध्यरात्री शेजाऱ्यांस उठवितो, तेही याच कुळातील, अमेरिकेतून आलेले एक भावंड होय.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यासारख्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात हा वेल का तग धरतो, हेही जाणण्यासारखे आहे. बहुतेक वनस्पती दिवसा आपली पर्णरंध्रे उघडून हवेतील कर्बवायू घेतात, आणि त्याच वेळी त्यांच्या अंगातील पाणी वाफ होऊन निघून जाते. निवडुंगाची रीत उलटी. तो आपली रंध्रे मुख्यतः रात्री, हवा थंड असताना उघडतो, कर्बवायू साठवून ठेवतो आणि दिवसा दारे लावून घेऊन सूर्यप्रकाशात त्याचे अन्न बनवितो. यामुळे पाण्याचा व्यय फार थोडा होतो. बारामतीजवळ माळेगाव येथे केंद्र सरकारची जी अजैविक ताणाविषयी संशोधन करणारी संस्था आहे, तिने खडकाळ, उथळ जमिनीत या पिकाचा अभ्यास केला आहे. तथापि उन्हाळ्यातील आपले कडक ऊन त्यालाही सोसत नाही, हे पुढे सांगेनच.

आता फुलाकडे वळू. कळी दिसू लागल्यापासून साधारण तीन आठवड्यांत ती उमलते. दिवस मावळल्यावर पाकळ्या सुटू लागतात, मध्यरात्रीच्या सुमारास फूल पूर्ण उघडते, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढताच ते कोमेजते. त्याचे सारे आयुष्य एका रात्रीचे. फुलाची लांबी वीतभराहून अधिक असते. आत शेकडो पिवळे पुंकेसर असतात, आणि त्यांच्या मधोमध एक जाड कुक्षिवृंत असून त्याच्या टोकास ताऱ्यासारखी अनेक बोटांची कुक्षी असते. पुंकेसरांवरील परागकण कुक्षीवर पडले म्हणजे ते रुजतात. प्रत्येकाची एक सूक्ष्म नलिका कुक्षिवृंतातून खाली उतरते आणि अंडाशयातील बीजांडास जाऊन मिळते. फळातील प्रत्येक काळे बी म्हणजे अशा एका भेटीची खूण. एका फळात अशी सहस्रावधी बीजे असतात, आणि जितकी बीजे अधिक, तितके फळ वजनदार. मूळ देशी हे परागवहनाचे काम वटवाघळे व मोठे निशाचर पतंग करतात. आपल्याकडे बहुधा पहाटे येणाऱ्या मधमाश्यांवर भिस्त ठेवावी लागते, आणि त्या येईपर्यंत फूल मिटण्याच्या बेतात असते.

येथवर सारे पाठ्यपुस्तकाप्रमाणे झाले. खरी मेख पुढे आहे. कित्येक वनस्पतींच्या कुक्षीस आपला आणि परका पराग ओळखता येतो. स्वतःचाच पराग पडला तर ती त्याच्या नलिकेची वाढ रोखून धरते; बीजांडापर्यंत पोहोचू देत नाही. यास शास्त्रात स्व-असंगतता म्हणतात. हा रोग नव्हे, की व्यंगही नव्हे. निराळ्या वंशाशी संयोग होऊन संतती सुदृढ व्हावी, यासाठी निसर्गाने केलेली ती योजना आहे. चार्ल्स डार्विन याने अनेक वर्षे रोपांवर प्रयोग करून स्वपरागण व परपरागण यांच्या परिणामांची तुलना केली आणि 1876 साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ड्रॅगनफळाच्या तांबड्या गराच्या पुष्कळ वेलींत ही स्व-असंगतता आढळते. इस्राएलमधील संशोधकांनी बीरशेबा येथे 1990 च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झाले.

या दृष्टीने ड्रॅगनफळाच्या वेलींचे तीन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गातील वेलींस स्वतःचा पराग चालतच नाही. निराळ्या वंशाच्या वेलीचा पराग मिळाला तरच फळ धरते. दुसऱ्या वर्गातील वेलींस स्वतःचा पराग चालतो, परंतु कुक्षी पुंकेसरांच्या बरीच वर असल्यामुळे तो तेथवर आपण होऊन पोहोचत नाही. मधमाशीने किंवा माणसाने तो उचलून ठेवावा लागतो. तिसऱ्या वर्गातील वेलींची कुक्षी पुंकेसरांच्या पातळीवर किंवा त्यांत बुडालेली असते. फूल मिटतानाच पराग तिला लागतो आणि कोणाच्याही साहाय्यावाचून फळ धरते. घरच्या बागेत एकच वेल लावावयाची असेल तर हा तिसरा वर्ग सर्वांत सोयीचा. त्यास आपण स्वफलनक्षम जाती म्हणू. माझ्या पिंपातील वेल सुदैवाने याच वर्गातील निघाली, म्हणूनच मला इतकी वर्षे काही शिकावे लागले नाही.

दुसऱ्या वर्गाविषयी एक सत्यकथा प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. व्हॅनिलाची वेलही मूळ मेक्सिकोची. ती हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर नेऊन लावली, तेव्हा तिला फुले येत, परंतु शेंगा धरत नसत. तिच्या फुलात पराग आणि कुक्षी यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. 1841 साली एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या एका गुलाम मुलाने बारीक काडीने तो पडदा उचलून अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबला, आणि शेंग धरली. त्याची ती रीत पाहता पाहता पसरली आणि आजही व्हॅनिलाच्या बागांतून तीच चालते. 1848 साली तेथील गुलामगिरी नष्ट झाली आणि तो मुक्त झाला. परंतु त्याच्या शोधावर इतरांनी संपत्ती मिळविली आणि तो स्वतः 1880 साली दारिद्र्यात मरण पावला. थोरांना न सुटलेले कोडे एका मुलाने केवळ फुलाकडे नीट पाहून सोडविले. आपल्याकडील स्त्रियाही हे काम परंपरेने जाणतात. भोपळ्याचे नरफूल तोडून मादीफुलावर टेकविणारी, किंवा करटुल्याची नरवेल व मादीवेल ओळखून दोन्ही राखणारी आजी कोणत्याही वनस्पतिशास्त्रज्ञाची शिष्या नसते.

आता त्या मुलीच्या घरच्या वेलींकडे परत येऊ. दोन खांबांवरील फुलांची अदलाबदल करूनही फळ का धरले नाही? मी त्या घरी जाऊन काकूस विचारले, "या वेली आणल्या कोठून?" त्यांनी सांगितले की, एका ओळखीच्या घरच्या एकाच वेलीचे चार तुकडे आणून त्यांनी दोन खांबांशी लावले होते. उलगडा तेथेच झाला. छाट कलमापासून वाढविलेले प्रत्येक रोप हे मूळ वेलीचेच अंग असते. त्याचा वंश निराळा नसतो. चार तुकडे चार ठिकाणी लावले तरी ती एकच वेल चार ठिकाणी उभी राहते, आणि ते पन्नास लावले तरी तसेच. कुक्षीच्या दृष्टीने शेजारच्या खांबावरील पराग हा स्वतःचाच पराग होता; तिने तो नाकारला यात नवल कसले? दोन वेली हव्यात असे मी म्हटले होते. दोन वंश हवेत असे म्हणावयास हवे होते. शिक्षकाच्या मुखातील एका चुकीच्या शब्दापायी एका गृहिणीस रात्रभर व्यर्थ जागावे लागले, ही गोष्ट मी माझ्या वर्गापुढेही मोकळेपणाने सांगितली.

मग ऑगस्टमधील एका रात्री माझ्या वेलीवर चार फुले उमलली, त्यांतील दोहोंचा पराग एका कोरड्या डबीत झटकून घेतला आणि ती डबी फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्याच रात्री त्या घरी नऊ फुले उमलावयाची होती. आठच्या सुमारास मी तेथे गेले. मुलीने बॅटरी धरली. पहिल्या फुलास मऊ कुंचल्याने पराग कसा लावावा हे मी दाखविले. उरलेल्या आठांस काकूंनीच लावला. आजी ओटीवर बसून पाहत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

पालकांनी व विद्यार्थ्यांनी आपल्या घरची वेल कोणत्या वर्गातील आहे हे स्वतः पडताळून पाहावे. विकणाऱ्याच्या शब्दावर किंवा गराच्या रंगावर विसंबू नये. प्रयोग सोपा आहे. एकाच रात्री उमलणारी तीन फुले निवडावीत आणि सायंकाळी, उमलण्यापूर्वीच, तिन्हींवर मलमलीची सैल पिशवी बांधावी, म्हणजे मधमाशी किंवा पतंग मध्ये येणार नाही. पहिल्या फुलास मुळीच स्पर्श करू नये. त्याच्या देठास पांढरा दोरा बांधावा. दुसऱ्याची पिशवी रात्री सोडून त्याचाच पराग त्याच्या कुक्षीवर लावावा, पुन्हा पिशवी बांधावी आणि देठास पिवळा दोरा गुंडाळावा. तिसऱ्यास, निराळ्या घरून आणलेल्या निराळ्या वंशाच्या वेलीचा पराग स्वच्छ कुंचल्याने लावून तांबडा दोरा बांधावा. दुसऱ्या दिवशी दुपारी पिशव्या काढाव्या आणि आठवडाभर वाट पाहावी. ज्यास फळ धरले नाही ते फूल तळाशी पिवळे पडून गळते; ज्यास धरले त्याचा तळ हिरवा राहून फुगू लागतो. तिन्ही टिकली तर वेल पूर्ण स्वफलनक्षम होय. पांढऱ्या दोऱ्याचे गळून पिवळ्या व तांबड्या दोऱ्याची टिकली, तर तिला केवळ हाताची मदत हवी. तांबड्याचेच टिकले, तर तिला सोबतीण हवी. एकदाच्या परीक्षेवर निर्णय न देता पुढील बहरात हा प्रयोग पुन्हा करावा. कारण फूल पाण्याच्या ताणानेही गळू शकते.

नवी वेल लावणाऱ्याने फळ धरणारी, शक्यतो डोळ्यांनी पाहिलेली, एकटीच असूनही फळलेली वेल शोधून तिचे कलम घ्यावे. 'अमेरिकन ब्यूटी' ही तांबड्या गराची आणि 'शुगर ड्रॅगन' ही लहान पण गोड फळांची जात स्वफलनक्षम म्हणून बागकाम करणाऱ्यांत प्रसिद्ध आहे. पांढऱ्या गराच्या पुष्कळ वेलीही स्वतःच्या परागाने फळतात. परंतु रोपवाटिकांतून एकच नाव अनेक निरनिराळ्या वेलींस दिलेले आढळते; म्हणून नावापेक्षा परीक्षा मोठी मानावी.

कलम हातभर लांबीचे, पक्व व गर्द हिरव्या फांदीचे घ्यावे. कोवळी फांदी कुजते. कापलेला भाग सावलीत पाच-सहा दिवस सुकू द्यावा, म्हणजे जखम भरून येते. फांदीची वरची व खालची बाजू ध्यानात ठेवून, खालचेच टोक दोन-तीन बोटे खोल मातीत रोवावे आणि काठीस बांधावे. तीन-चार आठवड्यांत मुळ्या फुटतात. तोवर पाणी बेताचेच द्यावे. कुंडीत लावावयाचे असल्यास ती निदान पन्नास लिटरांची, तळाशी भोके असलेली असावी. पोयट्याची माती, जाड वाळू व चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत समभाग घेऊन त्यात विटांचे बारीक तुकडे मिसळावे. आपल्याकडील काळी माती पाणी धरून ठेवते आणि पावसाळ्यात मुळे कुजविते. जमिनीत लावावयाचे असेल तर वीतभर उंच वाफा करून त्यावर लावावे.

आधार भक्कम हवा, कारण चार वर्षांच्या वेलीचे ओझे लहानसहान काठीस पेलत नाही. जमिनीवर पाच फूट उंच राहील असा सिमेंटचा खांब रोवून त्याच्या माथ्यावर जुन्या टायरचे कडे किंवा लोखंडी चौकट बसवावी. एकच जोमदार फांदी खांबाबरोबर वर नेऊन बाजूचे फुटवे खुडत जावे. ती माथ्यावर पोहोचली की तिचा शेंडा छाटावा, म्हणजे अनेक फांद्या फुटून छत्रीप्रमाणे खाली लोंबतात. फुले बहुधा अशा लोंबत्या फांद्यांवरच येतात. हंगाम संपल्यावर डिसेंबरात जुन्या, रोगट व दाटीच्या फांद्या काढून टाकाव्या. फांद्यांवर बारीक काटे असतात. काम करताना जाड हातमोजे घालावे.

पाणी हिवाळ्यात आठवड्यातून एकदा आणि उन्हाळ्यात दोनदा, तेही माती वरून सुकल्यावर द्यावे. मार्च ते मे या महिन्यांत पश्चिमेकडील उन्हाने फांद्या पिवळ्या पडून भाजतात. त्या वेळी शेडनेट किंवा जुन्या सुती लुगड्याची सावली पुरते. खत दर तीन-चार महिन्यांनी थोडे थोडे द्यावे. फाजील खताने फांद्या माजतात आणि फुले कमी येतात. कळ्यांवर मुंग्या व पिठ्या ढेकूण दिसल्यास पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढावे आणि निंबोळी अर्क फवारावा. खोडावर तांबूस-तपकिरी डाग पडून ते सडू लागले तर तो भाग स्वच्छ सुरीने कापून दूर नेऊन जाळावा. कुंडीतच टाकून ठेवू नये.

आपल्याकडे दिवस मोठे झाले की, म्हणजे साधारणपणे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, या वेलीस बहर येत राहतो. या वेलीस फुलण्यासाठी दीर्घ दिवस लागतो, आणि म्हणूनच व्हिएतनाममधील शेतकरी हंगाम नसताना रात्री बागेत दिवे लावून तिला फुलवितात. कलम लावल्यापासून बहुधा दुसऱ्या वर्षी पहिली फुले दिसतात. फूल फळल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फळ पिकते. साल हिरवी जाऊन तांबडी झाल्यावर आणखी चार-पाच दिवस फळ वेलीवरच राहू द्यावे, कारण तोडल्यानंतर हे फळ अधिक गोड होत नाही. उतावळेपणाने तोडलेले फळ पाणचट लागते आणि लोक फळालाच नावे ठेवतात. पक्ष्यांपासून राखण्यासाठी त्यावर जाळीदार पिशवी बांधावी. तांबड्या गराचा रंग बीटाच्या रंगाच्याच जातीचा असतो. तो खाल्ल्यावर लघवीस तांबूस छटा आल्यास घाबरू नये. आणखी एक सूचना : स्वफलनक्षम वेलीसही निराळ्या वंशाचा पराग मिळाल्यास फळ पुष्कळदा मोठे होते. म्हणून जागा असेल तर दोन निरनिराळ्या वेली लावाव्या, आणि शेजाऱ्याकडे निराळी जात असेल तर त्याच्याशी परागाची देवघेव ठेवावी.

त्या नऊ फुलांपैकी सात टिकली. सप्टेंबरच्या अखेरीस मुलगी एक फळ वर्तमानपत्रात गुंडाळून मला देण्यास आली. गर गर्द तांबडा आणि चव उत्तम होती. तिच्या घरी आता तिसरा खांब रोवला असून त्याच्याशी माझ्या वेलीचे कलम लावले आहे. ते फुलू लागले म्हणजे रात्री डबी घेऊन धावण्याचे कारण उरणार नाही. एकाच अंगणात दोन वंश नांदतील.

येथे एका गोष्टीविषयी गैरसमज राहू नये. वेलीस फळ धरले म्हणून काकू निर्दोष ठरल्या असे नव्हे. फळ धरले नसते तरी त्या तितक्याच निर्दोष होत्या. लावणाऱ्याच्या कुशीचा आणि वेलीच्या कुक्षीचा काहीएक संबंध नाही, आणि मूल न होणे हाही कोणाचा अपराध नव्हे. त्याची कारणे पुरुषाच्या ठायीही तितकीच असू शकतात, हे वैद्यकशास्त्र स्पष्ट सांगते. आपण कारण न शोधता आधी दोषी शोधतो, आणि तो बहुधा घरात सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसात सापडतो. पालकांनो, मुलांस आपण शास्त्र शिकवितो ते केवळ परीक्षेतील गुणांसाठी नव्हे. चार दिवसांत गळणाऱ्या फुलाचे खरे कारण विचारण्याची सवय ज्या मुलास लागली, तो मोठेपणी कोणाच्या माथी खोटा दोष मारताना थोडा तरी थबकेल.

दिवाळीच्या सुटीत मी त्या घरी गेले होते. शेजारची एक बाई फुले पाहून विचारीत होती की, आमच्याही वेलीला फळ येत नाही, कोणाची नजर लागली असेल का? मी काही बोलण्यापूर्वीच ओटीवरून आजी म्हणाल्या, "नजर-बिजर काही नाही. तुझी वेल एकाच घराण्याची आहे. तिला दुसरीचा पराग लागतो. आमच्या सुनेला विचार, ती दाखवील तुला."